ओळखीच्या तारणावर उभी राहिलेली युक्रेनी पतपेढी

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात सेकंड ॲव्हेन्यूवर १०८ क्रमांकाच्या इमारतीत ‘सेल्फ रिलायन्स न्यूयॉर्क’ नावाची संस्था आहे. तिथे खिडकीवर युक्रेनी भाषेत व्यवहार होतो, पण ही बँक नाही. अमेरिकेत अशा संस्थेला क्रेडिट युनियन म्हणतात, युक्रेनी माणसं आपसात ‘क्रेदितिव्का’ म्हणतात, आणि मराठीत तिच्यासाठी नेमका शब्द आधीपासून आहे: पतपेढी. सभासदांनी भाग (शेअर) विकत घ्यायचे, बचत ठेवायची, त्याच पैशातून गरजू सभासदाला कर्ज द्यायचं, आणि खर्च व राखीव निधी वजा करून उरलेलं लाभांश म्हणून वाटायचं. मालक सभासदच. एका माणसाला एक मत, मग त्याचे भाग पाच असोत की पाच हजार.

ही संस्था १९५१ साली सुरू झाली आणि शिकागोची ‘सेल्फरिलायन्स’ही त्याच वर्षी. सुरू करणारे बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातल्या निर्वासित छावण्यांतून दोन-तीन वर्षांपूर्वी आलेले. घर नाही, जमीन नाही, इंग्रजी मोडकंतोडकं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर यांची पत शून्य. अशा माणसांनी एकमेकांना कर्ज दिलं आणि ती संस्था बुडाली नाही, हे कसं? देशप्रेमाने पैसे परत येत नाहीत. पैसे परत आले ते दोन गोष्टींमुळे. कर्जदाराची खरी ओळख, आणि त्या ओळखीवर हिशेबतपासनिसाचा पहारा. या दोन्ही गोष्टी ही माणसं गावाकडून शिकून आली होती.

गॅलिशियात काय शिकले

गॅलिशिया म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनचा ल्विव्हभोवतीचा मुलूख आणि पोलंडचा दक्षिणेकडचा काही भाग. १९१८ पर्यंत तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, पुढे पोलंडच्या ताब्यात गेला. शेताचे तुकडे पडलेले, बियाण्याला पैसा नाही, आणि पैसा लागला की सावकार. महाराष्ट्राला हे चित्र वेगळं सांगायला नको.

यावर तोड सापडली ती जर्मनीच्या फ्रीडरिश रायफायझेनच्या गावपातळीवरच्या पतपेढीत. तिचे नियम साधे पण कडक होते. पेढी एका गावापुरतीच, कारण कोण कष्टाळू आणि कोण पिणारा हे गावालाच ठाऊक असतं. कर्ज फक्त उत्पादक कामाला. पदाधिकाऱ्यांना पगार नाही. आणि सभासदांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे पेढी बुडाली तर प्रत्येकाची गायसुद्धा पेढीचं देणं फेडायला जाणार. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण त्यामुळेच शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचा: कर्ज काढून घोडा घेतला, तो घोडा गोठ्यात आहे ना?

ल्विव्हमध्ये १८६८ साली ‘प्रोस्विता’ ही लोकशिक्षणाची संस्था निघाली. तिची वाचनालयं गावोगाव गेली आणि त्यांच्या आधाराने दुकानं, दूध संघ, पतपेढ्या उभ्या राहिल्या. १८८३ मध्ये ‘नारोदना तोरहोव्ल्या’ हा व्यापारी संघ, १८९२ मध्ये ‘द्नीस्तेर’ ही विमा संस्था, १८९४ मध्ये प्शेमिश्ल शहरात ‘विरा’ ही पतपेढी. ‘विरा’ म्हणजे विश्वास. पतपेढीला याहून चांगलं नाव सुचणं कठीण आहे.

माझ्या मते या सगळ्यात निर्णायक वर्ष १९०४. ऑस्ट्रियाने १९०३ मध्ये सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण सक्तीचं केलं आणि पुढच्याच वर्षी युक्रेनी संस्थांनी स्वतःचा लेखापरीक्षण संघ स्थापन केला. नाव लक्षात घ्या. शिखर संस्थेचं नावच ‘तपासणी संघ’. संघाचे तपासनीस गावोगाव जाऊन वह्या उघडायचे, चुका दाखवायचे आणि नव्या चिटणिसाला जमाखर्च शिकवायचे. दोन महायुद्धांमधल्या काळात या संघाखाली तीन हजारांहून जास्त सहकारी संस्था होत्या. ‘स्वीय दो स्वोहो पो स्वोये’ ही त्यांची घोषणा: आपल्या माणसाने, आपल्या माणसाकडे, आपल्या वस्तूसाठी जावं. १९३० च्या शरद ऋतूत पोलिश सरकारच्या दडपशाहीत त्यांच्या कित्येक दुकानांची नासधूस झाली, तरी संस्था उभ्या राहिल्या. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्यावर मात्र ही स्वतंत्र चळवळ मोडून काढली गेली. तिच्या पुढाऱ्यांपैकी ओस्ताप लुत्स्की १९४१ मध्ये सोव्हिएत छावणीत वारले. जे १९४४ मध्ये पश्चिमेकडे निसटले, त्यांच्यात या संस्थांचे हिशेबनीस, व्यवस्थापक, तपासनीस होते. सोबत फार सामान नव्हतं. दुहेरी नोंदीची जमाखर्च पद्धत मात्र पाठ होती.

कॅनडात आधी

कॅनडात युक्रेनी शेतकरी १८९१ पासूनच येत होते. सरकार १६० एकर जमीन १० डॉलरच्या नोंदणी फीवर द्यायचं, पण जंगल तोडून ती कसायला लागणारा पैसा कोणी देत नसे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे नागरिक म्हणून यांच्यातल्या हजारोंना शत्रू ठरवून छावण्यांत डांबलं गेलं. त्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्या बँक मॅनेजरच्या दारात टोपी काढून उभं राहायची इच्छा किती जणांना उरली असेल! मग १९३० च्या दशकातली मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले. १९३७ मध्ये सस्कॅचेवान प्रांताने क्रेडिट युनियनचा कायदा केला आणि १९३९ मध्ये सॅस्कटूनला ‘न्यू कम्युनिटी’ ही कॅनडातली पहिली युक्रेनी पतपेढी निघाली. १९४० मध्ये विनिपेगला ‘कार्पेथिया’, १९४४ मध्ये टोरोंटोला ‘युक्रेनियन क्रेडिट युनियन’. युद्धानंतर निर्वासित आले तेव्हा टोरोंटोत त्यांच्यासाठी एक दार आधीच उघडं होतं.

१९५१ साली अमेरिकेत पतपेढी कशी काढत

अमेरिकेचा केंद्रीय क्रेडिट युनियन कायदा १९३४ चा. त्याच्या वंशावळीत भारतही आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ मध्ये भारतात आले होते. १९०४ च्या कायद्याने, रायफायझेनच्याच धर्तीवर, सुरू झालेल्या खेड्यांतल्या पतपेढ्या त्यांनी पाहिल्या आणि परतल्यावर हा विचार अमेरिकेत रुजवायला आयुष्यभर पैसा ओतला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९०९ मध्ये झाला, देशाचा १९३४ मध्ये. म्हणजे ल्विव्हची पेढी आणि आपल्याकडची गावची सोसायटी एकाच मुळाच्या दोन फांद्या, आणि न्यूयॉर्कमध्ये त्या पुन्हा जवळ आल्या.

पायऱ्या अशा. किमान सात जणांनी शपथेवर स्थापनेच्या अर्जावर, दोन प्रतींत, सह्या करायच्या. अर्जात सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे सभासद कोण होऊ शकतो. रस्त्यावरच्या कोणालाही घेता येत नसे, सभासदांमध्ये ‘समान धागा’ लागायचा: एक कारखाना, एक चर्च किंवा एक मंडळ. युक्रेनी लोकांनी इथे १९४७ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेलं ‘सामोपोमिच’ हे मंडळ वापरलं. सामोपोमिच म्हणजे स्वतःच स्वतःला मदत. ‘सेल्फ रिलायन्स’ हे त्याचंच इंग्रजी रूप. आधी मंडळाचा सभासद, मग पेढीचा.

नव्या सभासदाने २५ सेंट प्रवेश फी भरायची आणि ५ डॉलरचा किमान एक भाग घ्यायचा, हवं तर हप्त्याहप्त्याने. लाभांश फक्त पूर्ण भरलेल्या भागावर. खात्यात २३ डॉलर असतील तर भाग चार, म्हणून लाभांश २० डॉलरवर. वरचे ३ डॉलर पुढचा भाग पुरा होईपर्यंत नुसते पडून. भाग पुरा झाला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तो मोजला जाई. त्यामुळे महिनाअखेरीला खिडकीवर ५ डॉलरचा आकडा पुरा करणाऱ्यांची रांग लागणं साहजिक होतं.

कारभार तीन मंडळांत विभागलेला. संचालक मंडळ धोरण ठरवतं, कर्ज समिती अर्ज तपासते, देखरेख समिती या दोघांच्या वह्या तपासते. खजिनदार सोडला तर कोणालाच मानधन नाही, आणि खजिनदाराचं हमीपत्र, म्हणजे त्याने अफरातफर केली तर पेढीला भरपाई देणारा विमा, घेणं सक्तीचं.

कर्जाच्या अर्जाचं काय व्हायचं

समजा नुकत्याच आलेल्या एका सुताराला हत्यारांसाठी १२० डॉलर हवेत. अर्जात तो कारण लिहितो, पगार लिहितो, आधीचं देणं लिहितो. समितीत किमान तीन माणसं. कायद्याची अट अशी की एकूण समितीचं बहुमत तर हवंच, शिवाय बैठकीला हजर असलेल्यांपैकी एकानेही ‘नाही’ म्हणता कामा नये. एका माणसाचा विरोध म्हणजे अर्ज फेटाळला. इथे ओळख कामाला येते. समितीतला एक जण त्याला छावणीपासून ओळखतो, दुसरा त्याच कारखान्यात आहे, तिसऱ्याची बायको त्याच चर्चच्या गायनवृंदात गाते. बँकेला जी माहिती हजार डॉलर खर्चून मिळणार नाही, ती या टेबलावर फुकट असते. मोठ्या रकमेला ‘पोरुचितेल’ लागत, म्हणजे आपले जामीनदार. १९४९ नंतर विनातारण ४०० डॉलरपर्यंतच देता येत असे, त्यावर तारण किंवा जामीन.

व्याजाची कमाल मर्यादा महिन्याला शेकडा १, आणि तेही उरलेल्या मुद्दलावरच. सुताराने दरमहा १० डॉलर मुद्दल फेडलं तर पहिल्या महिन्याचं व्याज १ डॉलर २० सेंट, दुसऱ्याचं १ डॉलर १० सेंट, असं उतरत बाराव्या महिन्याचं १० सेंट. बेरीज ७ डॉलर ८० सेंट. तोच १२ टक्के दर सरसकट मूळ रकमेवर लावला असता तर १४ डॉलर ४० सेंट झाले असते. ‘फ्लॅट’ आणि ‘घटत्या शिलकीचा’ दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, आणि हप्त्यावर फ्रीज किंवा दुचाकी घेताना आजही कित्येक जण इथेच फसतात.

आता पेढीच्या बाजूने हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. भाग भांडवल २०,००० डॉलर, त्यातले वर्षभर सरासरी १५,००० कर्जात. व्याज आलं १,८००. भाडं, छपाई, हमीपत्राचा हप्ता धरून खर्च ६००. नफा १,२००. कायद्याप्रमाणे नफ्याचा २० टक्के भाग बुडीत कर्जांच्या राखीव निधीत जाणार, भागभांडवलाच्या १० टक्के होईपर्यंत. म्हणजे २४० डॉलर. (महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात हा वाटा किमान एक चतुर्थांश आहे.) उरले ९६०. ४ टक्के लाभांशाचे ८०० वाटले, १६० पुढे ओढले. आता एकच ४०० डॉलरचं कर्ज बुडलं तर? राखीव निधीतली या वर्षाची भर आणि पुढे ओढलेली शिल्लक दोन्ही गेली, बरोबर शून्य. म्हणून समितीतल्या त्या एका ‘नाही’ला एवढी किंमत.

घरासाठी मात्र मोठी अडचण होती. १९५० च्या दशकात केंद्रीय कायद्याखालच्या पेढीला तीन वर्षांपेक्षा लांब मुदतीचं कर्ज देता येत नसे, १९५९ मध्ये ती मर्यादा पाच वर्षांची झाली. पाच वर्षांत घर कसं फिटणार? पेढीचं कर्ज सुरुवातीच्या रकमेपुरतं उपयोगी पडायचं, बाकी भाडेकरू ठेवून आणि दोन पाळ्या करून. तीस वर्षांच्या गृहकर्जाची परवानगी १९७७ मध्ये आली.

चोरी कुठे होते

छोट्या पेढीत दरोडा पडत नाही, वहीत पडतो. सभासद २० डॉलर देतो, खजिनदार त्याच्या पासबुकात २० लिहितो, पेढीच्या खातेवहीत मात्र काहीच लिहीत नाही. सभासद खूश, खातेवही आतल्याआत जुळते, आणि पैसे खिशात. हे नुसत्या खातेवहीच्या तपासणीत कधीच सापडत नाही. म्हणूनच देखरेख समितीने दर दोन वर्षांत किमान एकदा सभासदांची पासबुकं मागवून खातेवहीशी ताडून पाहायची, असं कायद्यात लिहिलं होतं. जो सभासद ‘पासबुक हरवलं’ म्हणतो, त्याचं खातं आधी पाहायचं.

दुसरी जागा संचालकांची. स्वतःच्या भागांच्या रकमेपेक्षा जास्त कर्ज संचालकाला किंवा समिती सदस्याला मिळत नसे, आणि दुसऱ्याला जामीन राहायलाही त्याला मनाई होती. आपल्याकडच्या बुडालेल्या पतसंस्थांच्या चौकशा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या एका कलमाचं मोल वेगळं समजावायला नको.

तरीही ओळखीचे तोटे उरतातच. चर्चला किंवा समाजमंदिराला मोठं कर्ज दिलं आणि हप्ते थकले, तर वसुली कोण करणार? समितीतले सगळे त्याच चर्चचे. तारण कागदावर कितीही पक्कं असो, ज्याचा लिलाव करता येत नाही ते तारण नव्हे. त्यामुळे अशा कर्जात इमारतीच्या किमतीपेक्षा महिन्याची खात्रीची आवक पाहायची आणि वर्गणीदारांपैकी काहींची व्यक्तिगत हमी घ्यायची, ही शहाणी वाट.

समाजातल्या फुटीचा खर्चही पेढीला सोसावा लागतो. टोरोंटोत १९४४ ची एक पेढी असताना १९५० मध्ये ‘सोयुझ’, १९५२ मध्ये ‘बुदुच्निस्त’ निघाली. निर्वासितांमध्ये ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स असे पंथ होते, बांदेरा आणि मेल्निक या दोन राष्ट्रवादी पुढाऱ्यांचे परस्परविरोधी राजकीय गट होते, आणि आपला पैसा आपल्या गटात राहावा अशी ओढ स्वाभाविक होती. पण एकाच शहरात तीन कार्यालयं, तीन तपासण्या, तीन जागांची भाडी. सभासदांच्या खिशातून किती गेलं, ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

भरभराटीतली अडचण

ठेवींना केंद्रीय विमा मिळाला तो १९७० च्या कायद्याने, सुरुवातीला २०,००० डॉलरपर्यंत. २००८ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. म्हणजे पहिली जवळजवळ वीस वर्षं न्यूयॉर्क-शिकागोच्या सभासदांनी केंद्रीय विम्याशिवाय, नुसत्या राखीव निधीच्या आणि तपासणीच्या भरवशावर पैसे ठेवले. (आपल्याकडे सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांचं कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. फलकावर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे वाचूनच पैसे ठेवावेत.)

पुढे पिढी म्हातारी झाली तसा वेगळाच प्रश्न आला. तरुणपणी माणूस कर्ज काढतो, उतारवयात ठेव ठेवतो. स्थलांतरितांची एक लाट एकाच वेळी आली, म्हणून एकाच वेळी म्हातारीही झाली. ठेवी तुडुंब आणि कर्ज घेणारे कमी. मुलं उपनगरांत गेली, इंग्रजीत बोलू लागली, त्यांना कुठलीही बँक दारात उभी करते. शंभर डॉलर ठेवीतले चाळीसच कर्जात गेले तर बाकीचे साठ कमी व्याजाच्या सरकारी रोख्यांत पडून राहतात आणि ठेवीदाराला द्यायचा दर टिकवणं अवघड होतं.

त्यात १९९८ च्या कायद्याने भांडवलाची पट्टी आणली. स्वतःचा निधी एकूण मालमत्तेच्या ७ टक्के असेल तरच पेढी ‘उत्तम भांडवलाची’. समजा मालमत्ता १० कोटी डॉलर, स्वनिधी ७० लाख. बरोबर ७ टक्के. सभासदांनी विश्वासाने आणखी २ कोटींच्या ठेवी आणल्या तर मालमत्ता १२ कोटी, स्वनिधी तेवढाच, प्रमाण ५.८ टक्क्यांवर. ठेवी वाढल्या आणि पेढी नियामकाच्या नजरेत कमकुवत झाली! क्रेडिट युनियनला बाजारात शेअर विकून भांडवल आणता येत नाही. नफा साठवणं हाच मुख्य मार्ग. म्हणून कधी कधी ठेवीचा दर मुद्दाम उतरवावा लागतो आणि जुने सभासद नाराज होतात. खिडकीवरच्या माणसाला हे नीट समजावता आलं पाहिजे, नाहीतर अफवा उठते.

हे ज्ञान पुढे उलट दिशेनेही गेलं. युक्रेन १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर परदेशातल्या, विशेषतः कॅनडातल्या युक्रेनी पेढ्यांच्या मदतीने तिथे पुन्हा पतपेढ्या निघू लागल्या. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यांना तात्पुरती मान्यता मिळाली, १९९४ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ झाला, आणि स्वतंत्र कायदा डिसेंबर २००१ मध्ये.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकेत आणि कॅनडात आलेल्या युक्रेनी कुटुंबांपुढे १९५१ चाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे. कीव्हमध्ये वीस वर्षं हप्ते वेळेवर भरलेल्या माणसाचीही अमेरिकेतली पतनोंद कोरी असते. नोंद कोरी म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून नोंद कोरीच राहते. यातून बाहेर पडायची रीत क्रेडिट युनियनमध्ये जुनी आहे: ठेवीवरचं कर्ज. आपल्याच खात्यात ५०० डॉलर ठेवायचे, तेच तारण देऊन ५०० चं कर्ज घ्यायचं. तारण ठेवलेली रक्कम गोठवली जाते आणि हप्ता भरेल तशी मोकळी होते. संस्थेला धोका जवळपास नाही, कर्जदाराला व्याजाचा किरकोळ भुर्दंड. दोन गोष्टी सांभाळायच्या. संस्था हप्त्यांची माहिती तिन्ही पतनोंद कंपन्यांना कळवते ना, हे सही करण्याआधी विचारायचं, कारण कळवत नसेल तर सगळा खटाटोप वाया. आणि कर्ज घाईने एकदम फेडायचं नाही. पतनोंदीवरून काढला जाणारा, अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा ‘फायको’ पतगुणांक तयार व्हायला खातं किमान सहा महिने जुनं असावं लागतं.